दहा मिनिटांनी बंद पडणारं आऊटबोर्ड: सीडीआय घेण्याआधी रबरी फुगा दाबून बघा

तुमचा प्रश्न मला असा कळला. मासेमारीच्या छोट्या होडीवर १५ एचपीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे, सात-आठ वर्षं वापरातलं. सकाळी दोन-तीन दोऱ्यांत चालू होतं, आठ-दहा मिनिटं फुल रेसवर छान पळतं, मग धाप लागल्यासारखं होऊन बंद पडतं. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की परत चालू, आणि परत तेच. प्लग दोनदा बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला. आता मेकॅनिक म्हणतो सीडीआय, म्हणजे प्लगला करंट देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलाय. तुम्ही विचारताय, सीडीआय घ्यावा की इंजिनच बदलावं?

आज तरी दोन्ही नको. ‘कुठला पार्ट गेला’ हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. इंजिन ज्या क्षणी मरतं त्या क्षणी त्याला काय मिळत नाही, पेट्रोल की करंट, की ते तापून मरतंय, हे आधी कळायला हवं. आतापर्यंत जी दुरुस्ती झाली ती सगळी इंजिन थंड झाल्यावर, किनाऱ्यावर, टेबलावर झाली. थंड इंजिनात बिघाड नाहीच. ते तर सकाळी दोन दोऱ्यांत चालू होतंय.

तोवर एक विनंती. असं बंद पडत-पडत रोज चालवत राहू नका. तुमचं इंजिन पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं असेल, तर त्याला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, दुसरीकडून नाही. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही तेवढंच कमी पोचतं, वर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाल्यामुळे सिलिंडर जास्त तापतो. अशा दहा-वीस फेऱ्यांनंतर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि मग इंजिन बदलायचं का हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

आता मरण्याच्या तऱ्हेबद्दल. तीस वर्षांच्या कामात मी मीटरपेक्षा कानावर जास्त विश्वास ठेवायला शिकलो, त्यामुळे गिऱ्हाईकाला मी पहिल्यांदा ‘बंद कसं पडतं’ तेच विचारतो. पेट्रोल संपत आलेलं इंजिन हळूहळू जातं: आवाज वर-खाली होतो, खोकतं, क्षणभर सावरतं, परत खोकतं आणि थांबतं. करंट गेलेलं इंजिन बटण दाबल्यासारखं एका झटक्यात बंद होतं. एकाच प्लगचा करंट गेला तर ते बंद न पडता अर्ध्या ताकदीवर फडफडत राहतं. तापलेलं इंजिन जड होतं, कुणीतरी ब्रेक लावल्यासारखं, आणि लगेच दोरी ओढली तर दोरीही जड लागते. तुम्ही ‘धाप लागल्यासारखं’ लिहिलंय. माझा कल त्यामुळे पेट्रोलकडे आहे. पण एका शब्दावरून निदान करणारा मेकॅनिक आणि एका प्लगवरून सीडीआय सांगणारा मेकॅनिक यांत फार फरक नाही, तेव्हा तपासूनच घेऊ.

हा तपास भर पाण्यात करायची गरज नाही. होडी पुढून-मागून पक्की बांधा, मागे कोणी पोहत नाही, दोर किंवा जाळं लोंबत नाही हे बघा, आणि गिअरमध्ये टाकून अर्ध्याहून थोडी जास्त रेस द्या. न्यूट्रलमध्ये रेस देऊन काही कळणार नाही, कारण इंजिनावर ओझं नसतं आणि पेट्रोल फार थोडं लागतं. सोबत एक माणूस हवा. आठ-दहा मिनिटांनी इंजिन कुरकुरायला लागलं की टाकीपासून येणाऱ्या नळीच्या मधोमध असलेला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब, त्याने हातात घ्यायचा.

बहुतेक उत्तर त्या फुग्यातच असतं. फुगा चपटा, आत ओढलेला असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे आहे: टाकी, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, आतली जाळी किंवा टाकीकडचा कनेक्टर. फुगा गोल आहे पण मऊ लागतो, आणि दाबत राहिलं की इंजिन सावरतं, तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा इंजिनावरचा पेट्रोल पंप कमजोर झालाय, आणि तुमचा हात त्या पंपाचं काम करतोय. फुगा टणक आहे आणि कितीही दाबला तरी इंजिनाला फरक पडत नाही, तर पेट्रोल त्या पंपापर्यंत नीट पोचतंय. पुढे कार्बोरेटर, करंट किंवा उष्णता बघायची.

फुगा चपटा मिळाला तर टाकीचं झाकण जरा सैल करा. ‘सूऽऽ’ करून हवा आत गेली आणि इंजिनात जीव आला, तर काम तिथेच संपलं. हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा त्याच्या भोकात मीठ बसलंय. इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा टाकीत शिरत नाही, टाकीत पोकळी वाढत जाते, आणि एका टप्प्याला पंपाला पेट्रोल ओढवत नाही. म्हणून लगेच नाही, काही मिनिटांनी बंद पडतं. थांबल्यावर हळूहळू कुठून तरी हवा आत झिरपते, म्हणून परत चालू होतं. तुमच्या ‘पंधरा मिनिटं थांबलं की चालू’ या वाक्यात हे चपखल बसतं. अर्थात करंटची कॉइलही तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर सुधारते. या सारखेपणामुळेच सीडीआयवर आळ येतो.

माझा एक फजितीचा किस्सा सांगतो. असंच इंजिन, अशीच तक्रार. मी कार्बोरेटर तीनदा उघडला, पंपाचा पडदा बदलला, फिल्टर बदलला. किनाऱ्यावर ड्रममध्ये अर्धा तास चालायचं, पाण्यात गेलं की बंद. शेवटी चिडून टाकी पूर्ण रिकामी केली तर तळातून ऑइलच्या बाटलीच्या तोंडावरची पातळ चकती निघाली. जोरात रेस दिली की ती ओढणीच्या जाळीला चिकटायची, इंजिन बंद पडलं की सुटून तळाला जायची. ड्रममध्ये ती चिकटतच नव्हती, कारण स्लोवर ओढच कमी. तेव्हापासून मी पाना हातात घेण्याआधी टाकी बदलून बघतो.

तुम्हीही तेच करा. ज्याचं इंजिन ठणठणीत चालतंय अशा शेजाऱ्याची टाकी नळीसकट मागून आणा आणि आपल्या इंजिनाला जोडा. कनेक्टर सारखा हवा. आणि त्याचं इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर त्याच्या टाकीत नुसतं पेट्रोल असतं, ऑइल नसतं. ते तसंच जोडलंत तर तपास करता करता इंजिन धराल. प्रमाणात ऑइल घालूनच वापरा. त्या टाकीवर इंजिन अर्धा तास विनातक्रार चाललं, तर बिघाड तुमच्या टाकीत किंवा नळीत आहे. सीडीआयचा विषय बंद.

नळीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. ‘कुठेच गळत नाही, म्हणजे नळी चांगली’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात चुकीचं वाक्य. इंजिन चालू असताना नळीत दाब नसतो, ओढ असते. चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ती बघायची असेल तर फुगा आणि इंजिन यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती क्लिपांनी बसवा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे निघून गेल्यावर आत सलग पेट्रोल दिसायला हवं. बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर मागे कुठेतरी हवा शिरतेय, बहुतेकदा कनेक्टरच्या झिजलेल्या ओ-रिंगमधून किंवा सैल क्लिपमधून. काम झालं की ती पारदर्शक नळी काढून टाका. पेट्रोलमध्ये ती कडक होते आणि तडकते.

जुन्या नळीचा आणखी एक छुपा आजार आहे. आतला थर बाहेरच्या थरापासून सुटतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते, फुंकर मारली तर हवा आरपार जाते, पण ओढ लागली की आतला सुटलेला पापुद्रा आत वळून रस्ता बंद करतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबराचे असे हाल लवकर होतात. सात-आठ वर्षांत नळी आणि फुगा एकदाही बदलला नसेल तर आता बदला, तपासात काहीही निघो. बसवताना फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. आणि फुगा दाबून पेट्रोल चढवताना तो उभा धरा, बाण वर. आतल्या झडपा अशाने नीट बसतात.

दुसऱ्याच्या टाकीवरही तसंच बंद पडलं तर? मग इंजिनावरचा छोटा फिल्टर, पंप आणि कार्बोरेटर. टू-स्ट्रोकचा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतल्या, दाबाच्या हेलकाव्यांवर चालतो. आत पातळ पडदे असतात, ते कडक झाले किंवा बारीक फाटले की स्लोला पुरेल इतकं पेट्रोल देतात, फुल रेसला नाही. पडद्यांचा संच बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. कार्बोरेटर साफ केला म्हणता, पण ‘साफ’ म्हणजे बाहेरून धुतला की जेट काढून, भोकातून आरपार उजेड बघून, हवा मारून बसवला? विचारून घ्या. घरी करणार असाल तर जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. एक सोपी खूण सांगतो: इंजिन कुरकुरत असताना चोक क्षणभर अर्धा ओढा. त्याने सावरलं तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोलच कमी पडतंय.

करंटचा तपास तापलेल्या इंजिनावरच करायचा, बंद पडल्यापासून एका मिनिटाच्या आत. चहा पिऊन आल्यावर करंट बघितला तर तो असणारच. स्पार्क टेस्टर हाताशी ठेवा, त्याची क्लिप इंजिनाच्या बॉडीला घट्ट लावा आणि दोरी ओढा. उघड्या हवेत सहा-सात मिलिमीटरची फट ओलांडणारा निळा, टणत्कार करणारा स्पार्क हवा. प्लगची वायर मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढू नका, त्याने चांगला सीडीआयही जातो. प्लगच्या भोकाजवळ स्पार्क पाडू नका, तिथे पेट्रोलची वाफ असते. दोन्ही वायरींना करंट नसेल तरी लगेच सीडीआयवर जाऊ नका. आधी किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची वायर. खाऱ्या पाण्यात स्विचच्या आत ओल शिरते किंवा वायर कव्हरखाली घासून बॉडीला लागते, आणि इंजिनाला वाटतं की मालकाने बटण दाबलं. ती वायर तात्पुरती सोडवून बघा. मात्र अशा वेळी बटणाने किंवा मनगटाच्या दोरीने इंजिन बंद होत नाही, चोक ओढून बंद करावं लागतं. हा प्रयोग बांधलेल्या होडीवरच करा आणि वायर परत जोडल्याशिवाय बाहेर पडू नका. त्यानंतर बॉडीला आलेल्या अर्थच्या वायरी काढून, घासून, ग्रीस लावून बसवा. एवढं सगळं झाल्यावरही तापलेल्या इंजिनाला करंट नसेल, तर फ्लायव्हीलखालच्या कॉइल्स मीटरवर मोजायच्या, मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडायच्या, आणि त्या बरोबर निघाल्या तरच सीडीआय. माझ्याकडे ‘सीडीआय गेला’ म्हणून आलेल्या इंजिनांत खरोखर सीडीआय गेलेली थोडीच निघाली.

राहिली उष्णता. तुम्ही लिहिलंय की मागून पाण्याची धार व्यवस्थित येते, म्हणून कूलिंग ठीक आहे. धार येणं चांगलंच, पण ती फक्त पंप पाणी वर आणतोय एवढंच सांगते. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर उघडणारी झडप) अडकलाय का, सिलिंडरच्या डोक्याभोवतीच्या वाटा मिठाने बुजल्यात का, हे तिला ठाऊक नसतं. उलटही होतं: धार बारीक झाली म्हणून लोक घाबरतात आणि नुसतं भोक बुजलेलं असतं, जाळ्याच्या जाड नायलॉनचा तुकडा आत घातला की धार मोकळी. बंद पडल्याबरोबर कव्हर काढा आणि सिलिंडर हेडवर पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरून राहिला तर ठीक, चर्र करून उडाला तर इंजिन तापतंय. काही मॉडेल तापल्यावर स्वतःच रेस कमी करतात, त्यालाही लोक ‘ताकद गेली’ म्हणतात.

तापत असेल तर पहिला मान इम्पेलरचा. हा रबरी पंखा खालच्या गिअरकेसच्या वर बसतो. रोज वापरात असलेल्या इंजिनात मी तो वर्षातून एकदा बदलतो, चांगला दिसला तरी. पाण्याबाहेर इंजिन ‘फक्त चालू होतं का बघायला’ अर्धं मिनिट चालवलं तरी त्याची पाती घासून जातात. जुना काढल्यावर पाती मोजा. एखादा तुकडा कमी असेल तर तो वरच्या वाटेत कुठेतरी अडकलाय. तो काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून उपयोग नाही. बसवताना साबणाचं पाणी लावून, शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला फिरवत आत ढकला. ड्राइव्ह शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, पण वरच्या टोकाला ग्रीसचा गोळा ठेवू नका, तो दबून शाफ्ट पूर्ण वर बसू देत नाही.

थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून बघता येतो. आऊटबोर्डमध्ये तो साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडायला लागतो. नेमका आकडा मॉडेलवर आहे. अडकला की काढून फेकून द्यायची पद्धत मी सगळीकडे बघतो, आणि मला ती पटत नाही. इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, स्लोला इंजिन रडतं. मिठाने अडकलेला थर्मोस्टॅट व्हिनेगरमध्ये भिजवून बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर नवा बसवा.

आता ‘इंजिन बदलावं का’. ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, सांगेल. इंजिन गरम करून, दोन्ही प्लग काढून, वायरी बॉडीला टेकवून, रेस पूर्ण उघडी ठेवून गेजने मोजा. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. दोन्ही जवळपास सारखे, १० टक्क्यांच्या आत, तर इंजिन अजून बरीच वर्षं काम करेल. एक खूपच खाली असेल तर रिंग किंवा पिस्टन आधीच जखमी आहे. मग निर्णय तुमच्या हिशोबावर: पार्ट मिळतात का, इंजिनावर रोजची कमाई किती अवलंबून आहे. ते मी इथून सांगू शकत नाही. इंजिन मध्यंतरी कधी पाण्यात पडलं होतं का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. पडलं असेल, विशेषतः चालू असताना, तर कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगचा विचार करावा लागेल आणि माझं उत्तर बदलेल.

गिअरकेसचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मासेमारीची होडी आहे म्हणून सांगतो. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, नट काढून पंखा बाहेर घ्या आणि शाफ्टवर मागे बघा. जाळ्याचा किंवा गळाचा धागा तिथे गुंडाळला जातो, तापतो आणि ऑइल सील कापतो. बाहेरून काही दिसत नाही. मग पाणी आत जातं, गिअर ऑइल दुधासारखं पांढरट होतं आणि काही महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागतात. मी १०० तासांनी गिअर ऑइल बदलायला सांगतो. भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत; वरून ओतलं तर आत हवा राहते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे. पंखा परत बसवताना शाफ्टला पाण्यात टिकणारं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी हातोडा लागेल.

आणि तुमचं ‘कधीकधी गोड्या पाण्याने धुतो’. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी धुवा. अर्धं कापलेलं मोठं ड्रम, पाणी पंपाच्या वर येईल इतकं, आणि न्यूट्रलमध्ये स्लोवर दहा मिनिटं. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी वरच्या वाटांत नीट फिरत नाही, म्हणून दोन मिनिटांचं धुणं वाया जातं. नंतर इंजिन उभंच ठेवा, आतलं पाणी निथळू द्या. अॅनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा किंवा अॅल्युमिनिअमचा तुकडा, अर्धा झिजला की बदला, आणि होडी रंगवताना त्याच्यावर रंग मारू नका. रंगवलेला अॅनोड झिजत नाही, त्याच्याऐवजी गिअरकेस झिजते.

ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. ऑइल टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचंच, मोटरसायकलचं नाही. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं आणि यात राख साठवतं. ‘जास्त घातलं तर बरं’ हेही खरं नाही: ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणातलं पेट्रोल कमी होतं आणि प्लग मात्र लवकर काळे पडतात.

तर उद्या होडी बांधा, शेजाऱ्याची टाकी आधी नको, तुमचीच जोडा आणि इंजिन बंद पडू द्या. त्या क्षणी फुगा चपटा होता, मऊ होता की टणक, झाकण सैल केल्यावर हवा ओढल्याचा आवाज आला का, आणि हेडवरचा थेंब राहिला की उडाला, एवढं कळवा. मग शेजाऱ्याच्या टाकीवर काय झालं ते. सीडीआयचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.